ठेवायला दिलं होतं, टाकायला नाही

आमच्या क्षेत्रात माझं टोपणनाव 'हरकतबाई' होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मी जिना चढत असताना वर कुणीतरी "आली हरकतबाई" म्हटलेलं मी दोनदा ऐकलं आहे. आमच्या यजमानांच्याही ते कानावर गेलं होतं. मुलुंडच्या घरी पाहुणे आले की ते सांगत, "हिला नेमलं असतं तर हिने आमच्या लग्नालाही हरकत घेतली असती." मी म्हणे, "कागद नीट नसते तर घेतलीच असती."

त्या नावाची मला लाज नाही. उलट ते मला जरा उशिराच मिळालं, एवढीच माझी तक्रार आहे.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण नातेवाइकांनाही ते कधी नीट कळलं नाही. परदेशी जोडप्याला इथलं मूल हवं असेल तर त्या काळी सरळ दत्तक घेता येत नसे. उच्च न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करायचा, न्यायाधीशांनी परवानगी दिली की मूल घेऊन जायचं आणि तिकडे त्यांच्या कायद्याने दत्तक घ्यायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्याला कडक नियम घालून दिले. त्यात एक नियम असा की प्रत्येक अर्ज एका त्रयस्थ संस्थेने तपासायचा. ही संस्था मूल देणारीही नको आणि घेणारीही नको. मूल खरोखर पोरकं आहे का, आईने दिलं असेल तर समजून-उमजून दिलं आहे का, नेणारी माणसं कशी आहेत, हे बघून तिने न्यायाधीशांना लेखी कळवायचं. तशा एका संस्थेत मी छाननी अधिकारी होते. अधिकारी म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि उपनगरांतल्या बालसदनांची यादी.

आता यात गंमत अशी की माझ्यापर्यंत फाइल यायची तेव्हा तिच्यावर पाच-सहा सह्या आधीच झालेल्या असायच्या. पोलिसांची चिठ्ठी, बालसदनाच्या अधीक्षिकेचा दाखला, मुलांच्या न्यायालयाचा 'निराधार' ठरवणारा हुकूम, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. प्रत्येकाने आधीच्याच्या सहीवर भरवसा ठेवून आपली सही केलेली. पहिला माणूस खोटं बोलला असेल तर पुढचे सगळे प्रामाणिकपणे तेच खोटं पुढे नेत. आमच्यासारखी संस्था का हवी, याचं माझ्या मते एवढंच कारण आहे. कुणीतरी एकाने कुणाच्याच सहीवर भरवसा न ठेवता मुळापासून बघायचं. पण हे शहाणपण मला सुरुवातीपासून होतं असं नाही.

ती फाइल आली तेव्हा मला या कामात दोन वर्षं झाली होती. मुलगी, वय अंदाजे साडेतीन वर्षं, संस्थेने ठेवलेलं नाव आशा. घाटकोपर स्टेशनबाहेर सापडली, आईवडील अज्ञात. डॉक्टरांचा शेरा होता, 'प्रकृती ठीक, बोलत नाही.' नेणारं जोडपं युरोपातलं होतं, नवरा शाळामास्तर, बायको ग्रंथालयात. त्यांच्या घराचे फोटो होते, एका फोटोत मुलीची खोली आणि खिडकीला पडदे. मुंबईत येऊन ते हॉटेलात उतरलेही होते. सुनावणी येत्या गुरुवारी होती.

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला त्या बालसदनाचं आवार होतं. बाहेर उंच भिंत, आत गुलमोहर, फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटे. अधीक्षिका वनमालाताई स्वतः मुलांना भरवायच्या. त्या वाईट नव्हत्या, हे मी आधीच लिहून ठेवते.

मुलगी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. तेल लावून चप्प बसवलेले केस, गुलाबी फ्रॉक. मी हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं, तिने बघितलंही नाही.

"आठ महिने झाले, एक शब्द नाही," वनमालाताई म्हणाल्या. "कानाने ऐकते, पण बोलत नाही. तिकडे चांगले डॉक्टर आहेत, ते बघतील."

मी फाइल उघडली आणि माझं पेन घरंगळत कुठेतरी गेलं. मी वाकून शोधायला लागले. माझं माहेर मालवणजवळचं. वडील परळला गिरणीत होते, घरात मालवणी बोलायचो. माणूस एकटा पुटपुटतो तेव्हा माहेरचं बोलतो. मी पुटपुटले, "खंय गेला मेला?"

"थंय," कोपऱ्यातून आवाज आला. "कपाटाखाली."

मी तशीच वाकलेली राहिले. वनमालाताई दारात होत्या. मी जमिनीवरच बसले.

"तुझा नाव काय गो?"

"बाय."

मालवणी घरातली प्रत्येक मुलगी बायच असते. त्याचा काही उपयोग नव्हता.

"बाय, तुझी आवस खंय आसा?" आई कुठे आहे, मी विचारलं.

"घराक."

"काय करता?"

"खोकता," ती म्हणाली. मग जरा थांबून तक्रारीच्या सुरात, "माका वांगडा निजाक घेना नाय." आई मला जवळ निजायला घेत नाही.

"आणि तुझा घर खंय?"

"देवळार."

"देवळाजवळ?"

"देवळार," तिने मला मठ्ठ ठरवून पुन्हा सांगितलं. देवळाच्या वर. "देवळात काळोख आसा. वरसून पाणी गळता."

"काय म्हणतेय ती?" वनमालाताईंनी विचारलं.

"सगळं म्हणतेय," मी म्हटलं. "आठ महिने तुम्ही तिच्याशी कुठल्या भाषेत बोलत होता?"

"हिंदी. आता जायचं ठरलं म्हणून इंग्लिश शब्द शिकवतोय."

मी तिथेच बसून फाइल पुन्हा वाचली. सापडलेल्या मुलाच्या कागदात तीन गोष्टी असाव्या लागतात. कुठे सापडलं, अंगावर काय होतं आणि कुणाला सापडलं. मूल आपोआप सापडत नाही. हमाल असतो, फेरीवाला असतो, शिपाई असतो, कुणीतरी त्याला हाताला धरून चौकीवर आणतो. या फाइलमध्ये ही तिसरी गोष्ट नव्हती. पोलिसांची चिठ्ठी बालसदनाच्याच पत्रावरून केलेली होती. म्हणजे संस्थेने चौकीला कळवलं की मूल सापडलं, आणि चौकीने संस्थेला लिहून दिलं की मूल सापडलं.

देवळाच्या वर घर, देवळात काळोख, वरून पाणी गळतं. उपनगरात राहणाऱ्या माणसाला यात फार डोकं लढवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी जोगेश्वरीला गेले. तिथल्या गुंफेत देवीचं ठाणं आहे आणि गुंफेच्या डोक्यावर तेव्हा झोपड्यांची दाटी होती. खाली काळोखात दिवा, वर माणसांचे संसार, आणि वरचं सांडपाणी दगडातून खाली टपकत असे.

मी नळावर उभी राहून विचारत सुटले. कोकणातली बाई, खोकल्याने आजारी, साडेतीन वर्षांची मुलगी. पहिल्या नळावर कुणी ओळख दिली नाही. दुसऱ्या नळावर एक म्हातारी हंडा खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. तिला सगळे रुक्मिणकाकी म्हणत.

"तू खंयच्या हापिसातली गो?" तिने विचारलं. "आणि एक कागद करूक इलंस?"

मी मालवणीत बोलायला लागले तेव्हा ती जरा निवळली. मुलीची आई शेवंती, काकीची शेजारीण. नवरा गिरणीत होता. संपानंतर काम गेलं, तो भिवंडीला यंत्रमागावर जातो म्हणून गेला आणि त्याचा पत्ता लागला नाही. शेवंती साकीनाक्याला एका कारखान्यात पितळी तुकडे घासायला जाई. तिथे खोकला लागला, मग रक्त पडलं. क्षयाच्या इस्पितळात दाखल व्हायला सांगितलं, तर मुलीला कुठे ठेवायचं? वस्तीत येणाऱ्या एका ताईंनी सांगितलं की आमच्या सदनात ठेव, बरी झालीस की घेऊन जा.

"मी दोनदा गेलंय बघूक," काकी म्हणाली. "गेटार सांगल्यानी, आत जाऊक गावाचा नाय. पोरां रडतत." म्हणजे आत जायला मिळणार नाही.

त्याच दिवशी दुपारी मी इस्पितळात गेले. बायकांच्या वॉर्डात शेवंती खाटेवर बसून शेजारणीच्या केसांची वेणी घालत होती. वय पंचविशीचं असेल. औषधं लागू पडली होती, खोकला कमी झाला होता. मी मुलीला भेटून आले म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"चेडू खाता मा?" हा तिचा पहिला प्रश्न. पोरगी जेवते ना?

"खातं," मी म्हटलं.

तिने उशीच्या अभ्र्यातून एक कापडी पिशवी काढली. त्यात बालसदनाचं छापील कार्ड होतं. मुलीचं नाव मंदाकिनी, आईचं नाव, तारीख आणि खाली दोन शब्द: 'तात्पुरता सांभाळ.' मी फाइल काढून तारीख ताडून बघितली. ज्या दिवशी मंदाकिनीला आईने सदनात ठेवलं, त्याच दिवशी आशा घाटकोपर स्टेशनबाहेर सापडली होती.

तिला सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "शेवंती, त्यांनी कागदावर लिहिलंय की तुझं चेडू रस्त्यावर सापडलं."

तिने कार्ड परत हातात घेतलं. मग तिने विचारलं, "कोणाक?"

कुणाला सापडलं? पोलीस, डॉक्टर, मुलांचं न्यायालय, यांच्यापैकी कुणालाही जो प्रश्न पडला नव्हता तो या चौथी शिकलेल्या बाईने एका शब्दात विचारला.

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचले तर आमचे सचिव देवधरसर माझी वाट बघत होते. बालसदनाच्या विश्वस्तांचा फोन येऊन गेला होता. हे विश्वस्त म्हणजे निवृत्त झालेले बडे सरकारी अधिकारी, सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत.

"सुनंदा, तू रविवारी वस्तीत कशाला गेलीस?" सरांनी विचारलं. "आपण छाननी करतो. तपास पोलीस करतात."

"पोलिसांनी केलेला नाही, सर."

"ते न्यायालय बघेल. साहेबांचं म्हणणं आहे की तुला त्या मुलीचं भलं बघवत नाही. विचार कर. ती बाई बरी होऊन येणार कुठे? त्याच झोपडीत. मुलगी शिकेल? जगेल तरी?"

"नाही शिकणार कदाचित."

"मग?"

"मग गरिबांच्या मुलांची यादी करू या, सर, आणि सगळीच पाठवून देऊ. माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही चार भावंडं होतो. आमचंही भलं झालं असतं."

सर चिडले. ते मनाने चांगले होते, पण त्यांना भांडण सोसत नसे. मी अहवाल लिहिला, 'हरकत आहे,' आणि कारणं खाली मांडली. त्यावर सचिवांची सही लागत असे. त्यांनी ती केली नाही. "साहेबांशी बोलून काहीतरी मार्ग काढू," म्हणाले.

बुधवारी वनमालाताई स्वतः माझ्या घरी आल्या, मुलुंडला. मी कुकर लावत होते. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"परबबाई, मी वीस वर्षं मुलं सांभाळते," त्या म्हणाल्या. "आईबाप ठेवून जातात, परत न्यायला येतो म्हणतात. किती येतात, माहीत आहे? मुलं गेटकडे बघत बसतात. मला ते बघवत नाही. ही येणार नाही असंच मला वाटलं. क्षयाचे पेशंट कुठे परत येतात?"

"तिला विचारायला इस्पितळात एकदा जायचं होतंत."

"आणि ती मेली असती तर? मुलगी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर कुणी नेत नाही."

त्यांचं हे म्हणणं खरं होतं. मोठ्या मुलांना कुणी नेत नसे. सदनाला परदेशातून देणग्या येत, ते निराळं, पण वनमालाताई त्यासाठी हे करत नव्हत्या. त्या मनापासून मुलीचं चांगलं करत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी तिची आई कागदावरून पुसून टाकली होती. मला वाईट माणसांची तेवढी भीती वाटत नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवायला सगळेच तयार असतात. चांगल्या माणसांवर लक्ष ठेवायला मात्र पगारी माणूस नेमावा लागतो, आणि त्या माणसाने शिव्या खायची तयारी ठेवावी लागते.

"चहा घेणार का?" मी विचारलं. त्या न घेता गेल्या.

गुरुवारी मी सचिवांच्या सहीशिवायच अहवाल घेऊन न्यायालयात गेले. इस्पितळाच्या डॉक्टरांनी, आता संसर्गाची भीती नाही असं लिहून देऊन शेवंतीला एका दिवसापुरतं सोडलं होतं. अशा सुनावण्या न्यायाधीशांच्या दालनात होत. टेबलाच्या एका बाजूला ते परदेशी जोडपं, त्यांचे वकील, विश्वस्तसाहेब आणि देवधरसर. दाराशी शेवंती, पदर तोंडावर धरून. संसर्ग नाही म्हटलं तरी ती पदर सोडत नव्हती.

न्यायाधीश मराठी नव्हते. त्यांनी माझा अहवाल वाचला, उलटून पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "यावर तुमच्या सचिवांची सही नाही?"

"नाही, महोदय. त्यांना ती करायची नव्हती. मजकूर माझा आहे, त्याची जबाबदारी मी घेते."

देवधरसर खिडकीकडे बघत होते. साहेब म्हणाले की ही अधिकारी मर्यादा सोडून वागते, बाहेरून बायका पकडून आणते. न्यायाधीशांनी मला त्या बाईला पुढे आणायला सांगितलं. कार्ड बघितलं, फाइलमधली तारीख बघितली, मग मला म्हणाले, "तिला विचारा, तिचं म्हणणं काय आहे."

मी विचारलं. शेवंतीने साहेबांकडे, वकिलांकडे बघितलं नाही. ती त्या परदेशी बाईकडे बघून बोलली. "चेडू मी ठेवूक दिलंय. टाकूक नाय दिलंय."

मी त्याचं इंग्रजी केलं. ठेवायला दिलं होतं, टाकायला नाही. इंग्रजीत ते तेवढं ठसठशीत झालं नाही, पण पोचलं. त्या परदेशी बाईने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. नवऱ्याने वाकून वकिलांना काहीतरी सांगितलं. मग वकिलांनी उठून सांगितलं की त्यांचे अशील अर्ज मागे घेत आहेत.

बाहेर पॅसेजमध्ये ती बाई माझ्याजवळ आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, मुलीसाठी विणलेले लोकरीचे कपडे. ते मुलीला द्याल का, असं तिने विचारलं. मुंबईत लोकरीचे कपडे कशाला लागतात, हे सांगायची ती वेळ नव्हती. मी घेतले. नवरा जिन्यापाशी पाठ करून उभा होता. दोन वर्षं वाट बघितलेली माणसं ती. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

न्यायाधीशांनी मंदाकिनीला दुसऱ्या बालसदनात हलवायचा आणि आईला दर आठवड्याला भेटू द्यायचा हुकूम केला. चार महिन्यांनी शेवंती इस्पितळातून सुटली आणि मुलीला घेऊन गुंफेवरच्या झोपडीत गेली. पुढे मी तिथे बऱ्याचदा गेले. मुलगी बोलायची थांबत नसे. शाळेत कधी जाई, कधी नाही. तिसरीत एकदा नापास झाली. मला लोक विचारत, अजूनही विचारतात, की तिकडे गेली असती तर आज कुठे असती. मी म्हणते, मला माहीत नाही, आणि ते ठरवायला मला नेमलं नव्हतं. आई जिवंत असताना तिला न विचारता मूल दुसऱ्याला देता येत नाही, मग दुसऱ्याच्या घरी पियानो असो की राजवाडा. सरकारला मुलांचं भलं करायचं असेल तर त्या आईला इस्पितळातून सुटल्यावर काम आणि छप्पर द्यावं. ते कुणी देत नव्हतं. मूल हलवणं सगळ्यांना सोपं वाटत होतं.

इथवरची गोष्ट मी चारचौघांत खूपदा सांगितली आहे. टाळ्याही मिळाल्या आहेत. पुढची सांगत नसे, आता सांगते.

त्या सुनावणीनंतरच्या आठवड्यात मी माझं लोखंडी कपाट उघडलं आणि त्याच बालसदनाच्या जुन्या फायली काढल्या. दोन वर्षांत मी तिथल्या अकरा मुलांच्या अर्जांना संमती दिली होती. त्यातली चार 'सापडलेली' होती. मूल कुणाला सापडलं, त्याचं नाव चारही फायलींत नव्हतं. चारही फायलींवर माझ्याच अक्षरात एकच शेरा: 'मूल पाहिले. प्रकृती ठीक. हरकत नाही.' चौघंही देशाबाहेर गेली होती.

पोलिसांना, डॉक्टरांना, न्यायालयाला मी जे म्हणत होते, ते सगळं मला लागू होतं. मीही आधीच्यांच्या सह्या बघून सही केली होती.

मी न्यायालयाला पत्र लिहायला घेतलं. देवधरसरांनी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"हे पाठवलंस तर तू आपल्या पायावर धोंडा पाडून घेशील. संस्थेच्याही. उद्या न्यायालय आपली नेमणूक काढून घेईल."

"घेऊ दे."

"मुलं तर गेली. आता कुणाचं काय भलं होणार?"

"सर, आपण दुसऱ्यांच्या चुका लिहून कळवतो म्हणून आपल्याला नेमलंय. आपल्याच लपवायच्या असतील तर पाटी काढून टाकू."

त्यांनी पत्र स्वतःकडे ठेवून घेतलं. दुपारी शिपायाबरोबर माझं पत्र परत आलं, तेव्हा मला वाटलं, अडवलं. उघडून बघितलं तर माझ्या सहीखाली त्यांचीही सही होती. त्या माणसाबद्दल मी आयुष्यभर वाईट बोलू शकले नाही, ते त्या सहीमुळे.

चौकशी झाली. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. साहेब पायउतार झाले, सदनाचा परवाना काही काळ गोठवला गेला, वनमालाताईंनी राजीनामा दिला. आमची नेमणूक राहिली. चार मुलांपैकी दोन खरोखरच टाकलेली होती. त्यांना उचलून आणणारी माणसं मी शोधून काढली, एक बोरिवलीची भाजीवाली, एक रिक्षावाला. तिसऱ्या मुलीचं काहीच कळलं नाही, आजही नाही. चौथा एक मुलगा होता, जाताना चार वर्षांचा. चौकशीत कळलं, त्याची आई भांडुपला जिवंत होती.

तिचं नाव सरस्वती. बांधकामावर विटा वाहायची. परांचीवरून पडून मांडी मोडली, मुलाला सदनात ठेवून कित्येक महिने प्लास्टरमध्ये होती. परत येऊन मुलाला मागितलं तेव्हा गेटवर सांगितलं की त्याला लांबच्या मोठ्या शाळेत पाठवलंय. ती पुष्कळदा गेली, मग जायची थांबली. मुलाचं काय झालं ते तिला सांगायला शिपाई किंवा पत्र पाठवता आलं असतं. मी स्वतः गेले.

ती दारात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. न्यायालयाने तिकडच्या दत्तकाला हात लावता येत नाही असं म्हटलं होतं, तेही सांगितलं. आणि त्या कागदावर माझी सही आहे, हेही. ती ऐकत होती, सूप तसंच मांडीवर.

"म्हंजी तुमी त्याला बघितलाव?" तिने विचारलं.

"हो."

"मंग काय म्हन्ला त्यो?"

मला तो दिवस आठवत होता. मुलगा गादीवर बसून चमच्याने खेळत होता. मी त्याचं वजन लिहून घेतलं, डोळे बघितले, दात मोजले. पाऊण तास मी तिथे होते.

"मी त्याला काही विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

तिने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने सूप खाली ठेवलं. "मंग आता विचारा," म्हणाली.

मी न्यायालयाकडे अर्ज केला की मुलाच्या नव्या आईवडिलांना पत्र लिहून, त्याची पहिली आई जिवंत आहे हे कळवायची आणि त्याला काय आठवतं ते विचारायची परवानगी मिळावी. अर्ज परत आला, अशी तरतूद नाही म्हणून. मी दुसरा केला. तोही परत आला. सरांनी विचारलं, "कुठल्या नियमाखाली मागतेस?" मी म्हटलं, "नियम नाही म्हणूनच मागतेय. असता तर त्यांनीच विचारलं असतं." तिसरा अर्ज नव्या न्यायाधीशांपुढे गेला आणि मंजूर झाला. तोवर दोन वर्षं गेली होती.

उत्तर यायला आणखी सात महिने लागले. मुलाच्या नव्या वडिलांनी लिहिलं होतं की त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांची झोप उडाली आहे. मुलगा आता मराठी विसरला आहे. त्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की आईच्या डोक्यावर नेहमी काहीतरी असायचं. ते खरं आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. तो मोठा झाला की ते त्याला सगळं सांगणार होते. पत्रावर त्यांच्या गावाचं नाव होतं.

ते पत्र घेऊन मी भांडुपला गेले आणि वाक्यावाक्याने मराठी करून वाचलं. डोक्यावरच्या गोष्टीपाशी सरस्वती म्हणाली, "विटा," आणि मला पुढे वाचायची खूण केली. वाचून झाल्यावर तिने गावाचं नाव पुन्हा सांगायला लावलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आपल्या जिभेला अवघड होतं, मधेच तीन व्यंजनं एकत्र. मी सांगत होते, ती म्हणत होती, चुकत होती, मला परत म्हणायला लावत होती. आठदहा वेळा झालं असेल. मग गल्लीत नळाला पाणी आल्याची ओरड झाली. ती हंडा घेऊन उठली आणि एक पाय ओढत रांगेत जाऊन उभी राहिली. मी दारातून बघत होते. रांग पुढे सरकत होती आणि तिचे ओठ हलत होते.